मोतीबिंदू आणि मोठा तलाव

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे भोपाळला मुक्काम होता. गोव्याहून निघतानाच डोळ्यांची कुरकुर सुरू होती. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पसरल्यासारखे दिसायचे. मुलाने तिथेच डॉक्टरांना दाखवले आणि उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून टाकला. डाव्याची पाळी महिन्याभराने. हा मधला महिना मात्र मोठा गमतीचा गेला.

पट्टी निघाल्यावर समोरची भिंत पाहून मी सूनबाईंना विचारले, "हा रंग कधी दिलात?" भिंत जुनीच होती. उजवा डोळा झाकला की पिवळट, डावा झाकला की पांढरीशुभ्र! आठवडाभर आधीच मी, सदरे नीट धुतले जात नाहीत, म्हणून त्यांना ऐकवले होते. सदरे स्वच्छच होते. मळ माझ्या डोळ्यात होता.

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग गढूळ होतेच, शिवाय पिवळेही पडते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हे इतके सावकाश घडते की आपल्याला पत्ताच लागत नाही. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून जुने भिंग ध्वनिलहरींनी फोडून काढतात आणि जागी कृत्रिम भिंग बसवतात. कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवले हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली लंडनमध्ये. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकचे कण राहूनही डोळा ते सोसतो, हे त्यांनी हेरले होते.

मग एक दिवस काळा चष्मा लावून भारत भवनात गेलो. १९८२ साली उघडलेली ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. आपल्या पणजीची कला अकादमीही त्यांचीच. तिथे मांडवी, इथे मोठा तलाव. उतरत्या गच्चीवर उभा राहून आळीपाळीने डोळे झाकून पाहिले. डाव्या डोळ्याला तलाव पावसाळ्यातल्या मांडवीसारखा मातकट, उजव्याला निळाशार. मागच्या खेपेला मीच घरी फोनवर म्हटले होते, "भोपाळवाले गढूळ तळ्याचे उगाच कौतुक करतात!"

आत गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची चित्रे आहेत. पूर्वी मला तिथे नुसते रंगाचे पट्टे दिसले होते. आता त्या पट्ट्यांतला ठिपका न् ठिपका सुटा दिसत होता, सुपातल्या तांदळासारखा.

आणि आईची आठवण झाली. शेवटच्या वर्षांत तिने निवडलेल्या तांदळात खडे राहायचे. जेवताना दाताखाली खडा आला की आम्ही हसायचो. समईभोवती कडे दिसते, असे ती म्हणायची. "मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" हे आमचे ठरलेले उत्तर. एकेकाळी डॉक्टरही तसेच सांगत. पुढे ती पद्धत गेली, आमचे उत्तर मात्र तेच राहिले. एके दिवशी तिने काही न बोलता सूप माझ्या पत्नीपुढे सरकवले. आम्ही त्याला म्हातारपण म्हटले. तिची तुळस, तिचे अंगण किती वर्षे पिवळे पडले होते, कोण जाणे.

आता माझा डावा डोळाही झाला आहे. तुमच्या घरी कुणाच्या हातून भातात खडे राहू लागले असतील, तर हसू नका. डोळे तपासून घ्या.