नर हाती लागेपर्यंत

पाली काही समुद्रकाठी नाही. पण गावाजवळून वाहणारी अंबा नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते आणि पावसाळ्यात पाला, काटक्या, गवताचे पुंजके समुद्राकडे घेऊन जाते. समुद्र असला पाचोळा शेवाळासकट पुळणीवर परत आणून टाकतो. अक्षीला किंवा काशीदला भरतीची ती काळपट ओळ काठीने उचकावी; खालून तांदळाच्या दाण्याएवढे करडे जीव टणाटण उडतात. हे ॲम्फिपॉड, झिंग्या-खेकड्यांचे भाऊबंद. त्यांच्यातलं पुळणीवर राहणारं कुळ म्हणजे टॅलिट्रिडी.

माझ्या टेबलावरची बाटली पाहून पाहुणे हमखास विचारतात, ‘हा जवळाच ना?’ नाही. जवळ्याच्या डोक्या-छातीवर सलग पाठकवच असतं आणि डोळे देठावर असतात. ॲम्फिपॉडला पाठकवच नाही, डोळे डोक्यातच बसवलेले, आणि अंग दोन्ही कुशींकडून दाबल्यासारखं चपटं. मेला की तो कुशीवर पडतो. खडकांवर धावणारं समुद्री झुरळ त्याचं लांबचं नातलग, पण ते वरून चपटं.

कुळ ओळखणं सोपं. शृंगिकांच्या दोन जोड्यांपैकी वरची आखूड, खालची लांब. शेपटाकडे ताठ उपांगांच्या तीन जोड्या. शेवटची सर्वांत लहान आणि तिला एकच फाटा. हे शेपूट पोटाखाली दुमडून झटक्यात सोडलं की उडी बसते.

जात ओळखणं मात्र पुढच्या पायांवर अवलंबून. छातीच्या सात जोड्यांपैकी पहिल्या दोन चालण्यासाठी नसतात. शास्त्रात त्यांना नॅथोपॉड म्हणतात, मी पकडपाय म्हणतो. मादीचा दुसरा पकडपाय लहान मुलाच्या हातमोज्यासारखा बोथट असतो, आणि एका जातीच्या मादीचा दुसरीपेक्षा वेगळा काढणं महाकठीण. बऱ्याच जातींच्या पूर्ण वाढलेल्या नराचा पंजा मात्र फुगलेला असतो. त्याचं शेवटचं, नखासारखं पेर अडकित्त्याच्या पात्यासारखं तळव्यावर मिटतं. तळव्याची कड सरळ की तिरकी, तिच्यावर दात आहे की खाच, नखाचा बाक कुठे सुरू होतो, हे पाहायचं असतं. ग्लिसरीनच्या थेंबात पाय सुईने सुटा करायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ती रेष कागदावर उतरवायची. एका नरात अख्खी सकाळ जाते. रंगावर विसंबता येत नाही. अल्कोहोलमध्ये तो उडून जातो.

नरही फसवतो. कात टाकत टाकत त्याचा पंजा आकार बदलतो. कोवळ्या नराचा पंजा पोक्त नराशेजारी ठेवला तर दोन जाती वाटाव्यात. ब्राझीलमध्ये राहणारा जर्मन निसर्गतज्ज्ञ फ्रिट्झ म्यूलर याने 1864 च्या आपल्या पुस्तकात एका जातीला डार्विनचं नाव दिलं, आणि तिच्यात वेगवेगळ्या पंजांचे दोन प्रकारचे नर असल्याचं दाखवलं. युरोपातल्या टॅलिट्रस सॉल्टेटरचं तर उलटंच: तिथे नराचाही दुसरा पकडपाय हातमोज्यासारखाच राहतो, आणि नर ओळखायचा तो खालच्या लांब शृंगिकेवरून.

म्हणून परदेशी पुस्तकातली चित्रं घेऊन रायगडच्या पुळणीवर बसू नये, असं मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो. त्याचं कारण मादीच्या पोटाशी आहे. तिच्या छातीखालच्या पापुद्र्यांची पिशवी होते, अंडी त्यातच वाढतात, आणि पिल्लं आईबापांच्याच घडणीची होऊन बाहेर पडतात. खेकड्यांच्या अळ्यांसारखी ती प्रवाहाबरोबर दूर तरंगत जात नाहीत. त्यामुळे पुळणीपुळणीचा वंश वेगळा पडायला वाव राहतो. भारतात चार्ल्स चिल्टन यांनी चिलिका सरोवरातल्या ॲम्फिपॉडांवर 1921 मध्ये लिहिलं, के. नागप्पन नायर यांनी मद्रासच्या किनाऱ्यावरचे ॲम्फिपॉड 1959 मध्ये नोंदवले. दोन्ही कामं मोलाची, पण ती पूर्वेकडची. इथला नर इथेच शोधावा लागतो.

आपल्या पुळणीशी या जिवांची गाठ किती घट्ट, हे इटलीत पार्दी आणि पापी या संशोधकांनी 1950 च्या दशकात दाखवलं. कोरड्या जागी सोडलेले हे जीव सूर्याच्या रोखाने, वेळेचा हिशेब धरून, आपल्या किनाऱ्यावर ज्या दिशेला पाणी असतं त्याच दिशेला निघतात. पश्चिमेला समुद्र असलेले जीव पूर्वेला समुद्र असलेल्या किनाऱ्यावर नेले, तरी ते पश्चिमेकडेच, म्हणजे जमिनीकडे चालू लागले.

पर्यटक येण्याआधी पुळण यंत्राने खरवडून साफ करतात, तेव्हा प्लॅस्टिकबरोबर शेवाळाची ओळही उचलली जाते. प्लॅस्टिक जायलाच हवं. पण शेवाळ हे या जिवांचं अन्न आणि दिवसाचं उन्हातलं छप्पर आहे. ते मर्यादवेलीच्या अलीकडे तसंच पडू द्यावं.

सध्या टेबलावर अक्षीची बाटली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: 11 माद्या, 6 पिल्लं, एक कोवळा नर. एवढ्यावर जात ठरत नाही. अमावास्येला ओहोटी पहाटे येते. तेव्हा बॅटरी आणि चाळणी घेऊन पुन्हा जायचं आहे.