झाडीपट्टीतील एक रात्र

संगीत या विषयावर आमच्या घरी कधी एकमत झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. आमचे चुलते अप्पा यांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. बालगंधर्वांचे एकच पद त्यांनी कोणत्या ध्वनिमुद्रिकेत कसे म्हटले, कोठे तान आवरती घेतली, हे अप्पा अजून बोटांवर मोजून सांगतात. आमचा पुतण्या पुण्यास अभियांत्रिकी शिकतो, गिटार वाजवितो आणि रॉक व ब्लूज या पाश्चात्य प्रकारांचा निस्सीम भोक्ता आहे. त्याचाही उद्योग हाच. एकच गाणे, चार निरनिराळ्या मैफलींतले, एकापाठोपाठ एक ऐकावयाचे आणि त्यांत डावेउजवे ठरवीत मध्यरात्र करावयाची. दोघांचे व्यसन एक असून दोघांचे पटत मात्र नाही.

गेल्या पौषात अप्पांनी एकाएकी वडशास जाण्याचा हट्ट धरला. १९६५ नंतरची चार वर्षे ते ब्रह्मपुरीस शिक्षक होते. त्या काळी खेड्यांतील तरुण मंडळी स्वतःच नाटक बसवीत आणि अप्पांना पायपेटीवर बसवून नेत. ते गाणे मरण्यापूर्वी एकदा ऐकावयाचे, एवढेच त्यांचे म्हणणे. पुतण्या सुटीवर आला होता. त्यालाही बरोबर घेतले. सौभाग्यवतींनी डबे भरले आणि आम्ही निघालो.

नागपुराहून उमरेड, भिवापूर, नागभीड असा हा रस्ता आहे. मिरचीचे भिवापूर मागे पडले की दोन्ही अंगांस धानाच्या बांध्या लागतात. धान निघून गेलेले, आणि त्या ओलीवर लाखोळी निळ्या फुलांवर आलेली. नागभिडापुढे सागाचे रान रस्त्याला खेटून येते. या रानावरूनच या मुलखास झाडीपट्टी हे नाव पडले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा हा पट्टा असून, त्यांतील गडचिरोली हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला.

गाडीत वादास तोंड फुटले होतेच. ‘आता तेथे पायपेटी राहिलेली नाही, विजेवरचा कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आहे’, असे पुतण्याने कोठूनसे ऐकून सांगताच अप्पा म्हणाले, “मग ते नाटक नव्हे, वरात!”

पुतण्याने न्यूपोर्टची हकीकत काढली. बॉब डिलन हा अमेरिकेतील लोकगीतांचा लाडका गायक. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार गळ्यात घालून, ब्लूज वाजविणारे साथीदार घेऊन उभा राहिला, आणि श्रोत्यांतील पुष्कळांनी त्याची हुर्यो केली. ती विजेच्या वाद्याबद्दल होती, कर्ण्यांतून शब्द नीट ऐकू येत नव्हते म्हणून होती, की तीनच गाणी म्हणून तो आत गेला म्हणून होती, यावर रसिक अद्याप भांडतात. मडी वॉटर्सची गोष्ट तर याहून मौजेची. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत वाढलेला हा कृष्णवर्णी गायक १९५८ साली विजेची गिटार घेऊन इंग्लंडात गेला, तेव्हा साध्या गिटारीवरील ग्रामीण गाण्याची अपेक्षा ठेवून आलेले कित्येक श्रोते दचकले. काही वर्षांनी तो बिचारा त्यांच्या आवडीसाठी साधी गिटार घेऊन गेला. तोवर तेथील पोरांना विजेच्या गिटारीचे वेड लागलेले!

“आणि अप्पाआजोबा, तुमची पायपेटी तरी कोठे वेदकाळातली? ती साहेबाच्या चर्चमधून आली. हार्मोनियमला तर रेडिओने १९४० पासून तीस वर्षे दाराबाहेर उभे केले होते.”

“ते गाढवपण होते,” एवढेच अप्पा म्हणाले. वैनगंगेचा पूल येईपर्यंत ते पुढे बोलले नाहीत.

पुलापलीकडे वडसा. सरकारी कागदांत देसाईगंज. पण नाटकवाले वडसाच म्हणतात. येथील बाजारात कापडाच्या दुकानाशेजारी नाटक कंपनीची कचेरी, तिच्याशेजारी दुसरीची, असा देखावा दिसतो. अशा कंपन्या पन्नासाच्या घरात आहेत म्हणे. भिंतींवर रंगीत फलक, त्यांवर नटनट्यांचे मुखवटे. आणि आत गावोगावची मंडळी येऊन रात्रीचा सौदा ठरवीत असतात. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, आणि रात्री नाटक हवेच. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असला तर विचारावयासच नको. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पट बंद पडले होते; २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा मोकळीक मिळाली. नाटके मात्र पटावाचूनही चालू राहिली. त्यांना गप्प केले ते २०२० च्या साथीने.

या नाटकाचे मूळ दंडार आणि खडी गंमत यांत आहे, असे जाणते सांगतात. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि स्त्रीवेषातील नाच्या एवढ्या सामग्रीवर खडी गंमत रात्र जागवी. त्या जुन्या खोडावर संगीत नाटकाचे कलम झाले. पुण्यामुंबईस संगीत नाटकाची ओहोटी लागल्यावरही येथे पदे म्हटली जात राहिली, ही गोष्ट आम्हां शहरवासीयांस ठाऊकच नसते. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या परिचितांपैकी किती जणांना हे नाव माहीत होते? पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर सांगतात.

आमचे नाटक आरमोरीच्या रस्त्याने जाऊन आत वळलेल्या एका खेड्यात होते. शेतात माती चढवून रंगमंच केलेला, भोवती कनाती, बसावयास तणीस पसरलेले. पुढे खुर्च्यांच्या चार रांगा. साऱ्या गावाने घरचे पांघरूण आणले होते. दहाची वेळ सांगितलेली. पडदा अकराच्या सुमारास उघडला. वादक पुढेच बसले होते. पायपेटी नव्हती. कीबोर्ड होता, तबला होता, आणि ऑक्टोपॅडवर मिसरूड न फुटलेला एक मुलगा होता. अप्पांनी मफलर कानांवर ओढून घेतला.

कथा सामाजिक होती. दारुडा बाप, शिकलेली लेक, सावकार. संवाद खणखणीत, विनोदी पात्र झाडीबोलीत बोलू लागले की तणसावरील मंडळी लोळत. दुसऱ्या अंकात कथेशी काडीचा संबंध नसलेली एक लावणी आली. शिट्ट्या झाल्या, नोटा आल्या, नोटा देणारांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली गेली, आणि तीच लावणी तीनदा झाली. सौभाग्यवती खाली पाहून थर्मासचे झाकण फिरवीत होत्या. खरे सांगावयाचे तर नाच वाईट नव्हता. वाईट होते ते ध्वनिक्षेपकाचे गुरगुरणे.

मध्यंतरात अप्पा काठी टेकीत थेट रंगपटात गेले, पाठोपाठ आम्हीही. तेथे लावणीवाली बाई शाल पांघरून चहा पीत होती. अप्पांनी तिला, शाळेत विचारीत असतील त्याच सुरात, विचारले, “बाई, तुम्हांला पद येते का?”

“येते जी. नागपूरला सात वर्षे शिकली मी. पुढच्या अंकात माझं पद आहे.”

“मग हे कशाला?”

तिने चहाचा पेला खाली ठेवला. “हे नसलं तं गाव नाटक घेत नाही. पदाले वन्स मोअर कोन देते जी? तुम्ही देता का?”

अप्पांनी “देईन” म्हणून सांगितले. सौभाग्यवतींना मात्र वेगळीच काळजी. ‘आता झोपता कोठे, पावसाळ्यात काय करता’, असे त्यांनी विचारले. झोप गाडीत आणि पावसाळ्यात शिवणकाम, असे उत्तर मिळाले. साथीच्या काळात काय केले, हे विचारण्याचा धीर आमच्यापैकी कोणास झाला नाही.

तिसरा अंक दोनला सुरू झाला. थंडी कडक पडली. तीनच्या पुढे केव्हातरी पोराच्या मृत्यूचा प्रवेश आला आणि ती बाई गाऊ लागली. कीबोर्डवाल्याने एकच स्वर धरून ठेवला. ऑक्टोपॅडवरील मुलाने हात मांडीवर ठेवले. कर्ण्यांची गुरगुर होतीच, पण कोणाच्या लक्षात राहिली नाही. आमच्या पुढील तणसावर एक म्हातारी बसली होती. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. आम्ही अप्पांकडे पाहिले. मफलरात हनुवटी रुतवून अप्पा गाढ झोपले होते.

त्यांना हलवावे की न हलवावे, अशा विचारात आम्ही असताना आमच्या शेजारून “वन्स मोअर!” अशी आरोळी आली. ती पुतण्याची. दोन-चार डोकी वळली, मग तणसावरून आणखी आवाज उठले. बाईने एकदा खुर्च्यांकडे पाहिले आणि पद पुन्हा आरंभिले. या दुसऱ्या खेपेस ती अधिक चांगली गायिली, असे पुतण्याचे मत. आमचे मत, पहिल्या खेपेस. अप्पांना हलविले ते दोन्ही खेपा उलटून गेल्यावर.

पहाटे साडेपाचास नाटक संपले. बैलगाड्या, मोटारसायकली, पांघरुणे गुंडाळणारी माणसे यांतून वाट काढीत आम्ही निघालो. अप्पांना घडले ते सांगावेच लागले. ते बराच वेळ काचेतून बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “तू यंत्रावर उतरवून घेतले असशील.”

“नाही, आजोबा. तुम्हीच म्हणाला होतात, समोर असताना यंत्र काढू नये.”

“मग म्हणून दाखव.”

पुतण्याने आढेवेढे घेतले, मग गुणगुणू लागला. त्याचा गळा गिटारीच्या सवयीचा. स्वर तुटक लागत होते. अप्पांनी डोळे मिटून ऐकले. “भीमपलास दिसतो. पण ही जागा अशी नसणार. निषादावर थांबली असेल ती.”

“थांबली नव्हती. सरळ षड्जावर आली.”

“शक्य नाही.”

“मी दोनदा ऐकले, आजोबा.”

वैनगंगेवर धुके होते. पूल संपेपर्यंत ती एक ओळ दोघांनी सहा-सात वेळा म्हटली असेल. ब्रह्मपुरीस चहासाठी थांबलो, तेथेही वाद मिटला नाही. माघात ती कंपनी पुन्हा नागभिडाकडे येणार आहे, अशी वार्ता चहावाल्याने दिली. अप्पांनी त्याच्याकडून तारीख लिहून घेतली, आणि या खेपेस दुपारी झोप काढूनच निघावयाचे असे आम्हांस बजावले.