रामशास्त्री आणि हक्कसोडपत्र

प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ सालचा. म्हणजे आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठा! व्ही. शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले, त्यानंतरचा हा चित्रपट. रविवारी दुपारी मुलाने तो टीव्हीवर लावून दिला आणि आम्ही दोघं पाय वर घेऊन बसलो. प्रिंट जुनी, आवाज खरखरीत. ह्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, तेव्हा शेजाऱ्यांनीही निम्मा चित्रपट ऐकला असणार.

सुरुवातीला लहानपणीचा राम आणि त्याची जानकी, म्हणजे अनंत मराठे आणि बेबी शकुंतला. किती गोड दिसतात दोघं! मग येतात गजानन जागीरदार. ललिता पवार आमच्या पिढीला खाष्ट सासू म्हणूनच माहीत, पण त्यांची आनंदीबाई बघावी. नुसती नजर पुरते.

मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून. 'ध'चा 'मा' म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची. ती आख्यायिका आहे हे मी आवर्जून सांगायचे, पण मुलांच्या लक्षात तेवढंच राहायचं. असो.

पुस्तकात एक ओळ असते, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. पडद्यावर बघताना मात्र जाणवतं, समोर कुणी परका आरोपी नाही. ज्याची चाकरी करायची, तोच उभा आहे. शिक्षा अमलात आलीच नाही, शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले. बारभाईंनी त्यांना सन्मानाने परत आणलं, ते पुढचं.

नेमका तोच प्रसंग चालू असताना ह्यांनी रिमोट दाबून चित्रपट थांबवला.

"अगं, दादांचं ते पाकीट कुठे ठेवलंस?"

पाकिटाचं सांगायला हवं. थोरल्या दिरांनी गावाकडचं घर आणि तीन एकर जमीन यांचं हक्कसोडपत्र टाइप करून पाठवलं होतं. वन्संनी आपला हक्क दोघा भावांच्या नावे सोडायचा. सोबत चिठ्ठी : तू एकदा फोन कर, तुझा शब्द ती मोडणार नाही, आपण तिला चांगली साडी घेऊ.

कायद्याने वन्संचा वाटा आहेच, २००५ च्या दुरुस्तीनंतर तर मुलाइतकाच. हे कोर्टात कारकून होते. बोट दाखवाल तिथे सही करणाऱ्या बहिणी त्यांनी कितीतरी बघितल्या आहेत. पण सासरे लवकर गेले तेव्हा स्वतःची शाळा सोडून दादांनीच शेत सांभाळलं, ह्यांना शिकवलं. त्यांच्यासमोर हे आजही मान वर करून बोलत नाहीत. आणि सही झाली तर फायदा आमचाही होताच की!

चष्मा लावून ह्यांनी कागद दोनदा वाचला. मग वन्संना फोन लावला.

"माई, कागद येईल, त्यावर लगेच सही करू नकोस. आधी मी पूर्ण वाचून दाखवतो. तुझा वाटा किती तेही सांगतो. मग सोडायचा की ठेवायचा, ते तू ठरव."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग वन्संनी विचारलं, "दादाला माहीत आहे का?"

दादांना फोन करायचा अजून राहिलाय. आज बुधवार. सकाळपासून दोनदा मोबाईल हातात घेऊन ह्यांनी खाली ठेवला. मी काही बोलले नाही, चहा पुढे केला.