रेडवुडच्या छायेत

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घरापासून दूर, रानावनात नेऊन ठेवण्याची चाल अमेरिकेत जुनी आहे. कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी १८६१ साली आपल्या विद्यार्थ्यांसह समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकले, तेव्हापासून ती सुरू झाली असे मानतात. पुढे १९६५ च्या कायद्याने आशिया व आफ्रिका या खंडांतील लोकांना त्या देशाची दारे अधिक मोकळी झाली आणि तेथील मुसलमानांची वस्ती वाढली. त्यांनीही ही चाल उचलली. आज तेथील अनेक राज्यांत मुसलमान मुलांची उन्हाळी शिबिरे भरतात.

कॅलिफोर्नियातील अशा शिबिराभोवती रेडवुडचे अरण्य असते. या जातीचे काही वृक्ष शंभर मीटरांहूनही उंच वाढतात. त्यांच्या छायेत जमणाऱ्या मुलांपैकी कुणाचे आईबाप पाकिस्तानातून आलेले, कुणाचे भारतातून, कुणाचे इजिप्त, बोस्निया वा इंडोनेशियातून. काहींचे पूर्वज तर शतकांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. घरोघरची बोली निराळी, जेवण निराळे. सर्वांना समजणारी भाषा एक इंग्रजीच. पहिल्या दिवशी ही मुले आपापल्या वळकट्यांवर मुकाट्याने बसून असतात.

दिवस उजाडण्यापूर्वीच अजान होते. जूनमध्ये तेथे सूर्य सहाच्या आत उगवतो, तेव्हा फजरच्या नमाजासाठी चार-साडेचारालाच उठावे लागते. थंडी अंगाला झोंबत असते, पांघरूण सोडवत नाही. ‘अंकल’ म्हणून हाक मारली जाणारी वडील माणसे राहुट्यांतून फिरत झोपाळूंना हलवून जागे करतात. बर्फासारख्या पाण्याने वजू केला, की झोप कुठल्या कुठे पळते. पाणी मात्र जपून वापरावे लागते. त्या प्रांतात अवर्षण वारंवार पडते; शिवाय वाहत्या नदीकाठी बसला तरी पाण्याची उधळपट्टी करू नये, अशी धर्माचीही शिकवण आहे.

नमाजाला तोंड कोणत्या दिशेला करावे, हाही तेथे एक धडाच असतो. महाराष्ट्रातील मुसलमान पश्चिमेकडे तोंड करतात, कारण मक्का तिकडे आहे. सपाट नकाशा पाहिला तर कॅलिफोर्नियाहून मक्का पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे दिसते. परंतु पृथ्वीच्या गोलावर या दोन स्थळांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो! तोच सर्वांत जवळचा मार्ग. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील बहुतेक लोक उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १९ अंशांवर तोंड करून उभे राहतात. होकायंत्र हाती घेऊन ती दिशा शोधताना भूगोल, गणित आणि धर्म यांची एकदम गाठ पडते.

न्याहारीनंतर कामांची वाटणी होते. भांडी घासणे, आवार झाडणे, पाणी भरणे यांतून कुणाचीही सुटका नसते. डॉक्टरचा मुलगा आणि टॅक्सीचालकाचा मुलगा एकाच पातेल्याला राख फासतात आणि तेथेच त्यांची मैत्री जमते. मग पोहणे, तिरंदाजी, डोंगर चढणे. दुपारी जुहरचा नमाज झाला, की जेवण. एके दिवशी बिर्याणी, तर दुसऱ्या दिवशी अरबी पद्धतीची मसूर. तिखट न सोसणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येते आणि पंगतीत हसू पिकते.

असरनंतर मोठी मुले झाडाखाली गोल करून बसतात. हा वेळ मनातले बोलण्याचा. शाळेत वर्गभर आपण एकटेच. नावाचा उच्चार गुरुजींना नीट करता येत नाही, म्हणून एखाद्याने ते तोडून लहान केलेले असते. परीक्षा आणि रोजा एकाच दिवशी आले तर काय करावे? २००१ साली न्यूयॉर्कवर झालेल्या हल्ल्यानंतर पुष्कळ मुलांना दुसऱ्यांच्या दुष्कृत्याचा जाब विचारला गेला. त्याला उत्तर काय द्यावे? वडील माणसांजवळही प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर नसते. परंतु ‘हे माझेही दुःख आहे’ असे समोरचा मुलगा म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनावरचे ओझे निम्मे होते.

सूर्य साडेआठनंतर मावळतो. मगरिबनंतर शेकोटी पेटते. जिलेटिनची कापसासारखी मऊ मिठाई काडीला टोचून भाजण्याची अमेरिकन मुलांना मोठी हौस. येथे ती डुकराच्या कातड्याचा वा हाडांचा अंश नसलेली, हलाल अशी निवडून आणतात. इशाची वाट पाहत मुले आकाशाकडे डोळे लावतात. व्हेगा, अल्टेअर, डेनेब हे तीन तेजस्वी तारे डोक्यावर येत असतात. ही नावे मुळात अरबी आहेत. पहिल्या दोन ताऱ्यांना मराठी मुले अभिजित आणि श्रवण म्हणून ओळखतात. इंग्रजी वाटणाऱ्या शब्दांत आपल्या पूर्वजांचा ठेवा दडलेला आहे, हे कळल्यावर मुलांना नवल वाटते.

आठवड्याने राहुट्या उतरतात. घरी परतलेली मुले पुन्हा आपापल्या वर्गांत एकेकटीच बसतात. मात्र हजेरी घेताना कुणी नाव चुकीचे उच्चारले, तर त्यांतला एखादा आता उभा राहून आपले पूर्ण नाव शांतपणे सांगतो.