पाण्यातली उजळणी

नमाजमध्ये रकाती किती झाल्या याचा गोंधळ झाला, तर शेवटी दोन जादा सजदे करायचे असतात. त्याला सजदा-ए-सहव म्हणतात. सहव म्हणजे विसर, चूक. माणूस विसरणार हे धरूनच हा नियम आहे. त्यात शिक्षा नाही की लाज नाही. हे मला लहानपणापासून फार आवडत आलंय.

आपल्या घरांमध्ये मात्र विसरण्याशी असं समजूतदारपणे वागलं जात नाही. म्हातारी बाई चहात दुसऱ्यांदा साखर घालते, तेव्हा पोरं हसतात. जावई आला आणि नाव आठवलं नाही, की 'सठिया गई' म्हणून विषय संपवला जातो. मोहल्ल्यात डायबेटिस मोकळेपणानं सांगतात, गुडघ्याचं ऑपरेशन तर कौतुकानं सांगतात. आठवण कमी होतेय, हे कुणी सांगत नाही.

माझी अम्मी एकाहत्तर वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मगरिबच्या वेळी ती मुसल्ल्याच्या कडेला खजुराच्या तीन बिया ठेवायला लागली. रकात झाली की एक बी सरकवायची. घरात कुणाला वेगळं वाटलं नाही. मला वाटलं, कारण मी शिक्षिका आहे आणि बोटावर मोजणारं मूल लगेच ओळखते. अम्मी तोंडी हिशोबाची पक्की होती. उर्दू शाळेत चौथीपर्यंतच शिकलेली, पण भाजीवाल्याच्या आधी तिचा हिशोब तयार असायचा.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, कारण बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडला तरी विसर पडतो. उदासीमुळंही पडतो. मग त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, काही शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. निदान झालं : 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', डॉक्टरांच्या भाषेत 'एमसीआय'. म्हणजे आठवण वयाच्या मानानं जास्त घटलेली, पण स्वयंपाक, अंघोळ, पैसे ही रोजची कामं जमतायत. हा डिमेन्शिया नव्हे. यातले काही पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही आहे तिथंच राहतात, काही सुधारतातसुद्धा.

अम्मी एकटी नाही. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्याचं प्रमाण जास्त आहे. 'लान्सेट' नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्यासारखी १४ कारणं मांडली. कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, बीपी, डायबेटिस, शरीराची हालचाल नसणं, एकटेपणा. ही यादी वाचताना मला आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी खाला आणि फुफू दिसायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, यावर जादूची गोळी नाही. बीपी-शुगर सांभाळा, कान तपासा, रोज चालवा, डोक्याला काम द्या. पण चालायचं कसं? अम्मीचे दोन्ही गुडघे गेलेले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली की भिंत धरून उभी राहते. तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाण्याचा मार्ग सुचवला.

त्यांनी समजावलं ते साधं होतं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं, की पायांवर शरीराचं जेमतेम एक-तृतीयांश वजन येतं. गुडघ्याला ते कळतं. पाणी चहूबाजूंनी अडवत असल्यामुळं नुसतं चाललं तरी स्नायूंना व्यायाम होतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोल गेला तरी माणूस सावकाश कलतो, धाडकन पडत नाही. पडण्याची भीती हा म्हाताऱ्या माणसाचा निम्मा आजार असतो. जमिनीवर अम्मीचं सगळं लक्ष पायाकडं असतं. पाण्यात ते थोडं मोकळं होतं आणि दुसऱ्या कामाला लावता येतं.

हे दुसरं काम म्हणजे आठवणीचं. चालणं आणि विचार करणं आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण मेंदूला दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष पुरवावं लागतं. स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक साधं निरीक्षण छापलं. वृद्ध माणसांबरोबर चालताना त्यांनी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्यांतले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. अम्मीसुद्धा जिन्यात कुणी हाक मारली की थांबते आणि मगच उत्तर देते. जगणं मात्र एकेका कामानं येत नाही. हातात पिशवी, समोरून रिक्षा आणि दुकानातून काय आणायचं ते डोक्यात, असंच येतं. नमाजही तशीच आहे : उठणं, झुकणं, बसणं, आणि त्याच वेळी पठण आणि मोजणी.

म्हणून दोन्हीचा सराव एकत्र द्यायचा. जपानमध्ये ओबू शहरातल्या राष्ट्रीय वृद्धारोग्य केंद्रानं यासाठी 'कॉग्निसाइझ' नावाची पद्धत बसवली आहे. पावलं टाकत आकडे मोजायचे आणि तीनच्या पटीत आला की टाळी वाजवायची. चुकलं तर हसायचं आणि पुढं जायचं. सगळं अचूक जमायला लागलं तर प्रकार बदलायचा, कारण थोडं अवघड वाटण्यातच व्यायाम आहे.

आम्ही हे पाण्यात करतो. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, साडेतीन फुटांच्या उथळ बाजूला. अम्मी ठेंगणी आहे, तिच्या छातीला पाणी लागतं. पहिली दहा मिनिटं नुसतं चालणं : पुढं, मागं, आडवं. मग उजळणी. सुरुवातीला मी अल्लाहची नावं सुचवली होती. अम्मी म्हणाली, "ना बाई, टाकीत सब भिगे कपड्यां में खडे, यहां नक्को." मग भाज्या घेतल्या. एका पावलाला एक भाजी, परत तीच आली की मागं फिरायचं. नंतर माहेरच्या गल्लीतली घरं ओळीनं. मग तीसपासून तीन-तीन वजा करत उलटं यायचं. जाताना मी तीन वस्तू सांगते, सामानाच्या अगदी शेवटी विचारते.

अम्मीचा सगळ्यात आवडता खेळ माझ्या पेशातून आला. मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उजवं पाऊल टाकताना मराठी शब्द, डावं टाकताना उर्दू. पुस्तक, किताब. झाड, दरख्त. आठवण, याद. कधी मी दिशा उलटी करते. तिथं ती अडखळते, आणि तोच तर सराव. २०१३ मध्ये हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, न शिकलेल्यांतसुद्धा. यावर पुढं वाद झाले, सगळ्या अभ्यासांत असं दिसलं नाही. पण घरात दखनी, बाजारात मराठी, नमाजेत अरबी, असं जगणाऱ्या आपल्या बायकांना 'अडाणी' म्हणण्याआधी या आकड्याकडं एकदा बघावं.

फरक पडला का, असं सगळे विचारतात. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी परत चाचणी घेतली. गुण जवळपास तेवढेच आले. घसरले नाहीत, हीच चांगली बातमी असं ते म्हणाले. ते पाण्यामुळंच, असा दावा मी करणार नाही, कारण गोळ्या, कानाचं यंत्र आणि पाणी हे सगळं बरोबरच सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही एमसीआय असलेल्यांसाठी व्यायाम आणि बौद्धिक सराव दोन्ही सुचवतात, पण हात राखून. मला दिसतं ते एवढंच : टँकवरून आलेल्या दिवशी अम्मीला झोप चांगली लागते, ती भिंत कमी धरते, आणि दस्तरख्वानावर बोलते. मध्यंतरी तिनं बोलणंच सोडलं होतं, शब्द सापडणार नाही या धास्तीनं.

काही पथ्यं सांगायलाच हवीत. हृदयविकार, फिट्स, न आवरणारा बीपी, उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कोमट पाणी उत्तम, थंडीत उघड्या टँकवर जाऊ नये. आधी लघवीला जाऊन यावं. बाहेर येताना सावकाश, कठडा धरून, कारण चक्कर येते. आणि विसर पडणाऱ्या माणसाला पाण्यात क्षणभरही एकटं सोडू नये. ज्यांना पाणी जमत नाही, त्यांनी हेच खेळ खुर्चीची पाठ धरून अंगणात करावेत.

खरी अडचण पाण्याबाहेर आहे. पहिल्या टँकवर खिडकीतल्या माणसानं अम्मीकडं न बघता मला सांगितलं, "विसराळू माणसाची जबाबदारी आम्ही घेत नाही." दुसऱ्या ठिकाणी बायकांची वेळ होती, पण शिकवणारा पुरुष. तिसऱ्या ठिकाणी बाई प्रशिक्षक मिळाल्या. डॉक्टरांचं पत्र आणि मी सोबत, या अटीवर प्रवेश मिळाला. सुती सलवार चालत नव्हती, म्हणून नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा कुर्ता-पायजमा शिवून घेतला. तिकडून हे, तर इकडून नातेवाईक : "इस उमर में तैरने चली?" अम्मीचे भाऊ लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. तिला काठावर कपडे राखत बसवलं होतं. त्या मामूंनीच हा प्रश्न विचारावा, याची गंमत वाटते.

परदा पाळायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण बायकांचा स्वतंत्र तास आणि शिकवायला बाई मिळाली, तर परदा आणि पाणी यांचं भांडण नाही. ही मागणी फक्त आपलीही नाही. आमच्या तासाला आता सहा वयस्कर बायका येतात, त्यांतल्या चार मराठी हिंदू घरांतल्या. त्यांच्याही घरात पहिल्यांदा हसूच झालं होतं.

नगरपालिकेच्या टँकवर आठवड्यातून तीन दिवस, दुपारी एक तास, साठीपुढच्या बायकांसाठी राखून ठेवावा, उथळ बाजूला कठडा लावावा आणि बाई जीवरक्षक द्यावी, असा अर्ज मी मराठीत लिहिला आहे. पहिली सही अम्मीची, उर्दूत. बाकीच्या सह्या गोळा करतेय. तुमच्या घरात कुणी बिया सरकवून रकाती मोजत असेल, तर हसू नका. आधी डॉक्टरांकडे न्या, आणि मग तुमच्या गावातल्या टँकवर असा तास मिळतो का, ते विचारून या.