वापसा

दहिवडी, ता. माण
२३ जुलै

ती. अक्कास,


काल २२ जुलै. दिवसभर तुझ्या घराचंच मनात घोळत होतं, म्हणून आज फोन न करता लिहायला बसलो.

पुष्य नक्षत्र लागलंय. तरणा पाऊस डोक्यावरून नुसताच पळाला, आता पुष्याच्या म्हाताऱ्या पावसाची वाट बघतोय. पश्चिमेचं वारं सुटलंय. ढग भरून येतात आणि न थांबता पुढं जातात. बाजरी वीतभरच आहे. महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शे-सव्वाशे किलोमीटरवर आपल्या माणात पाचशेच्या आसपास. सह्याद्री चढताना ढग रिकामे होतात, हे मी शाळेत शिकलो. आईला ते कधी पटलं नाही. ती म्हणायची, "रुसलाय तो." १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली ती, तिला पाऊस घरातल्या माणसासारखाच वाटायचा.

लग्नानंतर चिपळूणहून आलेलं तुझं पहिलं पत्र आठवतं? "आज उघडीप मिळाली, बरं वाटलं," असं लिहिलं होतंस. आईने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. पाऊस थांबल्यावर आपल्या लेकीला बरं वाटतं, हे तिला कळेचना. आपल्याकडे तो थांबला की 'ओढ दिली' म्हणतात, आणि घरातली माणसं हळू बोलायला लागतात. मला मात्र तुझा हेवा वाटायचा. कोयनेचं पाणीसुद्धा डोंगराच्या पोटातून जाऊन, वीज करून, तुमच्या वाशिष्ठी नदीलाच मिळतं. जिल्हा आमचा आणि पाणी अक्काच्या सासरी, असं मी रागाने म्हणायचो.

२०२१च्या २२ जुलैला हेवा संपला. वाशिष्ठी चिपळुणात शिरली आणि दोन दिवस तुझा फोन लागला नाही. रस्ता सुरू झाल्यावर आम्ही आलो, तेव्हा जीपमध्ये भाकरी होत्या आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. माणातून चिपळूणला पाणी! तू काही न बोलता तांब्याभर पाणी घटाघटा प्यालीस. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. जन्मभर मी ज्याला ये ये म्हणत होतो, तो तुझ्या घरात येऊन गेला होता.

तेव्हापासून देवापुढं नुसता पाऊस मागत नाही, वापसा मागतो. आबा मूठभर माती दाबून बघायचे, आठवतं? हाताला चिकटली तर थांबायचं, धूळ होऊन सांडली तरी थांबायचं. मुठीत गोळा होऊन बोटाने अलगद फुटली, की औत धरायचं. त्यासाठी पाऊस पडावा लागतो आणि मग त्याने उघडावंही लागतं. लहानपणी हे रानातलं काम वाटायचं. आता वाटतं, तू तिकडे जे मागतेस आणि मी इकडे जे मागतो, ते त्या एका मुठीतच आहे.

रात्री भुरभुर झाली. सकाळी माती उकरून बघितली, बोटभरच ओल होती. तरी बाजरीने मान वर केलीय.

नागपंचमीला ये. तू आलीस की पाऊस घेऊन येतेस, असं आई म्हणायची. येताना घरातल्या दमट गोधड्याही बांधून आण. पाऊस आला तर बाजरीला होईल. नाही आला, तर गोधड्या दोन दिवसांत खडखडीत वाळतील.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ