मळवलीच्या छापखान्यास आदरांजली

साखरखेर्डा गावातल्या जुन्या वाड्यांत, ओसरीवर किंवा देवघरात, लक्ष्मीची तसबीर असे. कमळावर उभी चतुर्भुज देवी, शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती. काही तसबिरींत लक्ष्मीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावलेल्या दिसत. घरच्या बायकांनी दुपारी कामे आटोपून, काच बसवण्याआधी, चित्रातल्या देवीलाही काठपदर नेसवलेला असे. अशी चित्रे घरोघरी देणारा रविवर्मा छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. त्या थोर वडीलधाऱ्याला उशिरा का होईना, हे वंदन.

छापखान्याचा जन्म १८९४ साली मुंबईत झाला. राजा रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे. तैलरंगात माणूस जिवंत वाटावा असा उभा करण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा गौरव झाला होता. पण मूळ चित्रे राजवाड्यांतच राहत. त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला दिवाण सर टी. माधवराव यांनी दिला होता. धाकटे बंधू राजराज वर्मा यांच्या साथीने तो प्रत्यक्षात आला.

यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले. काम शिळेवर चाले. चुनखडीची जड फरशी वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर तेलकट शाईने उलटे चित्र काढायचे, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, रेघेवर धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक दगड केसभर सरकला, की देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई. तो दगड जागच्या जागी बसवणाऱ्या हातांची नावे चित्राखाली कधी आली नाहीत. मला या छापखान्याचे खरे मोठेपण त्या हातांत दिसते.

मुंबईत प्लेग आला, त्यानंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेऊन निष्ठेने चालवला. दादासाहेब फाळके काही काळ येथे होते, आणि चित्रकार धुरंधरांची चित्रेही येथे छापली गेली. रविवर्मा १९०६ साली गेले. छापखाना त्यांच्यामागे सहासष्ट वर्षे राबला. शेवटी शेवटी कॅलेंडरे आणि लेबले छापून त्याने आपला संसार चालवला.

या चित्रांना कोणी बाजारू म्हणाले. मला ते पटत नाही. देवळाच्या पायरीपाशीच ज्यांना थांबावे लागे, त्यांच्या घरातही या कागदावरून देव गेला, आणि राजवाड्याबाहेर चित्रकला म्हणजे काय हे लाखो डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिले.

आता वाडे उतरवून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. माळ्यावर अशी एखादी तसबीर सापडली, तर रद्दीत देऊ नका. चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, ओलीच्या भिंतीला टांगू नका. खालच्या कडेला छापखान्याचे नाव बारीक अक्षरांत असते. ते वाचा आणि घरातल्या पोरांना दाखवा.